घाटावर पास, घाटाखाली गोल!

माहीत आहे का? कॉलेजच्या फुटबॉल टीमचा अख्खा सिझन एका दुपारी सुरू होऊन त्याच दुपारी संपू शकतो! आंतरमहाविद्यालयीन नॉकआउट म्हणजे हरला तो घरी. १६ टीम उतरल्या तर चॅम्पियन ठरायला फक्त १५ मॅच लागतात, आणि पहिल्याच राउंडला ८ टीमच्या बॅगा भरल्या जातात. इंग्लिश प्रीमियर लीगच्या टीमला चुका सुधारायला एका सिझनमध्ये ३८ मॅच मिळतात. आमच्या बुलढाण्याच्या पोट्ट्यांना कधीकधी एकच. म्हणून तर त्या एका मॅचला जीव तोडून धावतात राव!

तर मंडळी, शिट्टी वाजली. बॉल बुलढाणा जिल्ह्यातून उचलायचा आणि ड्रिबल करत थेट ऑक्सफर्ड, कोपनहेगन, अल्जिअर्सपर्यंत न्यायचा. लेस बांधल्या ना?

पहिला पास भूगोलाचा. मोठ्या शहरांना डर्बी मॅचसाठी दोन क्लब काढावे लागतात, आपल्या जिल्ह्यात ती सोय अजिंठ्याच्या डोंगररांगेनेच करून ठेवली आहे. तालुके १३, पण बोलताना भाग दोनच: घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद घाटाखाली. चिखली विरुद्ध शेगाव अशी मॅच लागली की पोस्टर छापायची गरजच नाही!

उंचीवरून आठवलं. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर. हवा छान, पण दम लागण्याइतकी विरळ नाही. बोलिव्हियाच्या ला पाझमधलं स्टेडियम मात्र ३,६०० मीटरच्याही वर आहे. १ एप्रिल २००९ ला तिथे मॅराडोना कोच असलेल्या अर्जेंटिनाला बोलिव्हियाने ६-१ असं धुतलं, आणि त्या टीममध्ये मेस्सीसुद्धा होता. घाट चढून खेळायला जाणाऱ्यांनो, बघा!

आता एक रेल्वेचा नगेट. बुलढाणा शहरात आजही रेल्वे नाही. टीमला गाडी पकडायची तर मलकापूर किंवा शेगाव गाठावं लागतं. पण खामगावला कापसासाठी जलंबहून फाटा टाकला गेला तो १८७० मध्ये. आणि माहीत आहे का, जगातली पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल मॅच कधी झाली? ३० नोव्हेंबर १८७२, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, स्कोअर ०-०. म्हणजे खामगावची झुकझुक गाडी आंतरराष्ट्रीय फुटबॉलपेक्षा दोन वर्षांनी सीनियर!

बरं, जिंकत गेलं तर कॉलेजची टीम जाते कुठे? इथे जरा थांबू, कारण कॉलेज सिझनची खरी गंमत या जिन्यात आहे. बुलढाण्यातली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली येतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम असे पाच जिल्हे, एक विद्यापीठ. पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. त्यात चमकलेल्यांना सिलेक्शन ट्रायलला बोलावणं येतं. तिथून विद्यापीठाची टीम निवडली जाते, आणि काल एकमेकांच्या नडग्या फोडणारे दोन कॉलेजांचे डिफेंडर आज एकाच बसमध्ये शेजारी बसून वेस्ट झोनला निघतात. वेस्ट झोन म्हणजे गोवा, मुंबई, पुणे, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, शिवाय गुजरात-राजस्थानवाले. म्हणजे फुटबॉलवेडे एकजात समोर! तिथे टिकलं तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा.

या जिन्यावर सगळ्यात चमकणारी गोष्ट ट्रॉफी नाही हो. कोट आहे, कोट! विद्यापीठाच्या टीममधून खेळलेल्याला मिळतो तो ‘कलर कोट’. वऱ्हाडात तो घातलेला पोरगा लग्नात आला की नवरदेवाकडचे लोकही विचारतात, कोणत्या गेमचा? ‘कलर होल्डर’ हे बिरूद पुढे आयुष्यभर नावाला चिकटतं. माझं स्पष्ट मत सांगते, डिग्रीच्या फ्रेमशेजारी हा कोट भिंतीवर टांगायलाच हवा. तो घाम गाळून मिळालेला असतो.

आणि देशपातळीवरच्या त्या आंतरविद्यापीठ फुटबॉलच्या ट्रॉफीला नाव कोणाचं आहे, माहीत आहे का? सर आशुतोष मुखर्जींचं! गणिती, न्यायमूर्ती, कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू. फुटबॉलच्या कपाला गणितज्ञाचं नाव. ऑफसाइडची लाइन आखताना भूमिती लागतेच म्हणा!

क्विक टॅप: अमरावती विद्यापीठाचा वाढदिवस १ मे १९८३, ऐन महाराष्ट्र दिनी. शेगावचं श्री संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेजही १९८३ चंच. आणि कपिलच्या टीमने वर्ल्ड कप उचलला तोही १९८३ मध्येच. काय वर्ष होतं ते!

टीमची गाडी बुलढाण्याहून अमरावतीला निघाली की अकोल्याच्या पुढे ती चक्क वर्ल्ड रेकॉर्डवरून धावते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीची एक लेन सलग डांबरीकरण करून १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाली आणि गिनीज बुकात गेली. एका फुटबॉल मॅचची ९० मिनिटं धरली तर तेवढ्या वेळात ७० मॅच आरामात आटपतात. ड्रायव्हरकाका, जरा जपून, रेकॉर्डवर ओरखडा नको!

आता मैदानात या. मॅचच्या सकाळी फक्कीची पांढरी लाइन मारली जाते, आणि रात्री पाऊस पडून गेला असेल तर दुपारपर्यंत ती अर्धी काळ्या मातीत मुरते. ही आपली कापसाची, सोयाबीनची माती. ओली झाली की बुटाच्या स्टडमध्ये घट्ट बसते. दहा मिनिटांत एकेक बूट वजनदार होतो, मग थ्रो-इन मिळाला की खेळाडू आधी बूट आपटून चिखल झाडतो आणि नंतर बॉल हातात घेतो. चिखलीची मॅच चिखलात, असं म्हणत बाहेरून कोणीतरी ओरडतंच, “पास दे ना बे!” आणि कडेला स्पोर्ट्सचे सर एका हातात एलिजिबिलिटी फॉर्मची फाइल, दुसऱ्या हातात पेन-रिलीफ स्प्रे घेऊन लाइनबरोबर धावत असतात. या सरांचं कौतुक व्हायला पाहिजे तेवढं होत नाही. फॉर्मवर प्राचार्यांची सही घेण्यापासून गोलकीपरचे हरवलेले ग्लोव्ह्ज शोधण्यापर्यंत सगळं तेच!

बॉलचं वजन नियमाने ४१० ते ४५० ग्रॅम. पण हे वजन मॅच सुरू होतानाचं! चिखल लागल्यावर किती भरतं, ते ज्याने हेडर मारलाय त्याला विचारा.

नडगीवर बांधायचे शिन गार्ड कुठून आले, माहीत आहे का? क्रिकेटमधून! इंग्लंडच्या सॅम विडोसन नावाच्या खेळाडूने १८७४ मध्ये क्रिकेटचे पॅड कापून छोटे केले आणि पायाला बांधले. तो दोन्ही खेळ खेळायचा. तेव्हा गल्लीत क्रिकेट आणि कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्यांनो, तुमचा मूळपुरुष सापडला!

लोणारशिवाय बुलढाण्याचा फीचर? शक्यच नाही! उल्का आदळून झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. १०५ मीटरचं एक मैदान धरलं तर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत १७ मैदानं एकापुढे एक मावतात. आणि सगळं वर्तुळ भरायचं ठरवलं तर साडेतीनशे मैदानं! जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याला दहा-दहा वाटली तरी उरतील. अर्थात हे फक्त गणित हं. २०२० मध्ये रामसर यादीत गेलेलं ते सरोवर आहे, तिथे बॉल नाही, फक्त डोळे भिरभिरू द्यायचे.

खेळाच्या नकाशावर बुलढाण्याचं नाव सध्या गाजतंय ते तिरंदाजीमुळे. इथल्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये जगातला अव्वल तिरंदाज माइक श्लोसर याला १४९-१४८ अशा एका गुणाने हरवून गोल्ड घेतलं. त्याच वर्षी एशियन गेम्सच्या टीम गोल्डमध्येही तो होता. कंपाउंडचं टार्गेट ५० मीटरवर असतं, पेनल्टी मात्र ११ मीटरवरून मारायची. एवढ्या लांबून नेम धरणाऱ्या जिल्ह्यात पेनल्टी हुकायला नको, हो ना?

१५ सप्टेंबर २०१७ आठवतो? त्या दिवशी महाराष्ट्रभर शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर एकच खेळ होता. भारतात होणाऱ्या अंडर-१७ वर्ल्ड कपच्या तयारीत राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ काढलं होतं, दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळायचं! आणि त्या वर्ल्ड कपच्या भारतीय टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तेव्हा शाळेत बॉलला पहिली लाथ मारलेली मुलं आता कॉलेजात आली आहेत. गणित जुळतंय ना?

आता बॉल उंच उडवूया, सीमेपार!

फुटबॉलला नियम कोणी दिले? कॉलेजच्या पोरांनी! केम्ब्रिजला वेगवेगळ्या शाळांमधून आलेली मुलं, प्रत्येकाच्या शाळेचा नियम वेगळा. एकजण बॉल हातात घेऊन पळतोय, दुसरा ओरडतोय फाउल. शेवटी १८४८ मध्ये ट्रिनिटी कॉलेजात बैठक बसली आणि सगळ्यांना चालतील असे नियम लिहिले गेले. इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली १८६३ मध्ये, म्हणजे तब्बल १५ वर्षांनी. होस्टेलवरचं भांडण असं सत्कारणी लागलं!

त्याहून मोठा धक्का. एफए कप, जगातली सगळ्यात जुनी राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, १८७४ मध्ये कोणी जिंकली? ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीने! फायनलला समोर होते रॉयल इंजिनिअर्स, म्हणजे लष्करातले इंजिनिअर. स्कोअर २-०. पण इंजिनिअर पेटून उठले आणि पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, कप घेऊन गेले. शेगावच्या इंजिनिअरिंगवाल्यांनो, बॅकलॉग असाच क्लिअर करायचा असतो!

गोलकीपरला टीममध्ये कोणी विचारत नाही, अशी तक्रार असते. मग हे वाचाच. कोपनहेगनमध्ये ‘अकादेमिस्क बोल्डक्लुब’ नावाचा विद्यापीठातल्या मंडळींचा क्लब होता. त्याच्या गोलमध्ये उभा राहायचा नील्स बोर. हो, अणूच्या रचनेवाला, १९२२ चा फिजिक्स नोबेल! किस्सा असा सांगतात की एकदा बॉल गोलकडे येत होता आणि हे महाशय गोलपोस्टवर गणित सोडवत होते. त्याचा धाकटा भाऊ हारल्ड तर आणखी भारी. तो गणितज्ञही होता आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सिल्व्हर जिंकणाऱ्या डेन्मार्कच्या टीममध्येही. त्या स्पर्धेत डेन्मार्कने फ्रान्सला १७-१ हरवलं होतं! १९१० मध्ये हारल्डच्या पीएचडीच्या व्हायव्हाला हॉल गच्च भरला, आणि म्हणतात की त्यात गणितवाल्यांपेक्षा फुटबॉलचे फॅन जास्त होते.

थांबा, दुसरा गोलकीपर बाकी आहे. अल्जिअर्सच्या ‘रासिंग युनिव्हर्सितेर’ या विद्यापीठाच्या क्लबच्या ज्युनिअर टीममध्ये एक सडपातळ मुलगा गोल सांभाळायचा. क्षयरोगाने त्याचं खेळणं सुटलं. त्याचं नाव आल्बेर काम्यू, १९५७ चं साहित्याचं नोबेल! कॉलेज क्लबचे दोन गोलकीपर, दोन नोबेल. आता पुढच्या वेळी गोल खाल्ल्यावर कीपरला शिव्या देण्याआधी दोन सेकंद विचार करा.

पोर्तुगालमध्ये ‘अकादेमिका’ हा कोइंब्रा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा क्लब. १९३९ मध्ये पहिल्याच पोर्तुगीज कपच्या फायनलला समोर बलाढ्य बेनफिका. विद्यार्थी ४, बेनफिका ३. मॉनिटर, नोंद घे!

इक्वेडोरच्या ‘एलडीयू किटो’ची मुळंही विद्यापीठातच. २००८ मध्ये त्यांनी ब्राझीलच्या फ्लुमिनेन्सेला त्यांच्याच मराकाना स्टेडियममध्ये पेनल्टी शूटआउटवर हरवून दक्षिण अमेरिकेचा सगळ्यात मोठा क्लब कप, कोपा लिबर्तादोरेस, जिंकला.

खेळामुळे अभ्यास बुडतो? ब्राझीलचा कॅप्टन सॉक्रेटिस मैदान गाजवता गाजवता डॉक्टर झाला. मेक्सिकोचा ह्युगो सांचेझ विद्यापीठाच्या ‘पुमास’कडून खेळता खेळता डेंटिस्ट. डिफेंडरचे दात त्याने घशात घातले की जागेवर बसवले, ते तुम्हीच ठरवा!

आपल्याकडे फुटबॉलची बाराखडीही शाळा-कॉलेजातच गिरवली गेली. १८७७ च्या सुमाराची गोष्ट सांगतात. कलकत्त्याच्या हेअर स्कूलचा नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी हा मुलगा वर्गणी काढून मित्रांबरोबर बॉल घेऊन आला. आणलेला बॉल निघाला रग्बीचा! शेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या स्टॅक नावाच्या प्राध्यापकांनी हे पाहिलं, पोरांना खरा फुटबॉल मिळवून दिला आणि खेळायलाही शिकवलं. भारतीय फुटबॉलच्या जन्मकथेतसुद्धा एक कॉलेजचे सर आहेत, लक्षात आलं का?

मग आला २९ जुलै १९११. मोहन बागानने आयएफए शिल्डच्या फायनलला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं. अकरापैकी दहाजण अनवाणी. बूट घालणारा एकटा सुधीर चटर्जी, आणि तो होता प्राध्यापक! दूरवरच्या गर्दीला स्कोअर कळावा म्हणून पतंग उडवले गेले. लाइव्ह अपडेट, विदाउट नेटवर्क!

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला स्वतंत्र भारताच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन होता नागा तरुण तालिमेरेन आओ, तेव्हा कलकत्त्यात मेडिकलला शिकणारा. उद्घाटनाला तिरंगाही त्याच्याच हातात होता. फ्रान्सविरुद्ध आपण दोन पेनल्टी घालवल्या आणि १-२ हरलो, पण बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या त्या टीमने लंडनकरांची मनं जिंकली. पुढे डॉक्टर होऊन त्याने नागालँडमध्ये रुग्णसेवा केली.

विदर्भाचा सुपरहिट नगेट अजून खिशातच आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज, स्थापना १८८३. तिथले खेळाचे शिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. बॉल नाही म्हणून खेळ थांबवायचा, हे त्या पोरांना माहीतच नव्हतं. २००१ मध्ये त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं, आणि तिथली मुलं होमलेस वर्ल्ड कपपर्यंत पोहोचली. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’, मार्च २०२२, अमिताभ बच्चन मुख्य भूमिकेत. पण माझ्या लेखी हिरो ते खरे सरच! कॉलेजच्या ग्राउंडची भिंत ओलांडून बाहेरच्या पोरांकडे बघणारा एक शिक्षक किती लांब पास देऊ शकतो, याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता अमेरिका. तिथल्या ‘फुटबॉल’मध्ये बॉल हातात असतो, तरी आपण जाऊच. ७ ऑक्टोबर १९१६, जॉर्जिया टेक विरुद्ध कम्बरलँड कॉलेज. फायनल स्कोअर? २२२-०! टायपिंगची चूक नाही. बुलढाण्यात कोणी ५-० हरून आलं असेल तर त्याने आजपासून मान वर करून चालावं.

मॅचमध्ये खेळाडू गोल रिंगण करून कुजबुजतात ना, तो ‘हडल’ कुठून आला? वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजातून! १८९० च्या दशकात तिथली टीम खाणाखुणांनी डावपेच ठरवायची. समोरच्यांना हातवारे दिसू नयेत म्हणून त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूने, सगळ्यांना रिंगणात उभं केलं. आज तेच रिंगण क्रिकेटपासून कबड्डीपर्यंत सगळीकडे!

फुटबॉलचा सिझन संपला की पोरांनी हिवाळ्यात करायचं काय? डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला हाच प्रश्न पडला. त्याने जिमखान्याच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि बास्केटबॉल जन्माला आला. पहिली मॅच खेळली गेली ती चक्क फुटबॉलने.

आणि मुली? इथे तर रेकॉर्डचा पाऊस! अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांमध्ये मुलींना समान संधी देणं बंधनकारक केलं. १९८२ मध्ये मुलींची राष्ट्रीय कॉलेज सॉकर स्पर्धा सुरू झाली, आणि पहिल्या १३ सिझनपैकी १२ कप एकट्या नॉर्थ कॅरोलायनाने नेले. अमेरिकेची स्टार फुटबॉलपटू मिया हॅम याच टीमची. त्याआधीचा इंग्लंडचा इतिहास वाचून मात्र संताप येतो. २६ डिसेंबर १९२० ला मुलींची मॅच बघायला लिव्हरपूलमध्ये ५३ हजार लोक आले, आणि वर्षभरातच असोसिएशनने आपल्या मैदानांवर मुलींच्या खेळाला बंदी घातली. ती उठली १९७१ मध्ये. पन्नास वर्षं! एवढ्या काळात किती मिया हॅम घरीच बसल्या असतील?

महाराष्ट्रातल्या खेळाडूंनो, कामाची गोष्ट पटकन: राज्य सरकारच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. नियम, पात्रता नीट वाचा, आणि प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट लॅमिनेशन न करता फाइलमध्ये जपून ठेवा. पडताळणीच्या वेळी तीच फाइल खरी स्ट्रायकर!

जाता जाता प्रेक्षकांचा नगेट. अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम, नुसतं कॉलेजच्या टीमसाठी, आणि खुर्च्या किती? १,०७,६०१! २०११ च्या जनगणनेत अख्ख्या बुलढाणा शहराची लोकसंख्या ६७ हजारांच्या घरात होती. म्हणजे आजीपासून नातवापर्यंत सगळं गाव तिथे बसवलं तरी ४० हजार जागा रिकाम्या. हाक मारा चिखलीकरांना, आणि येताना शेगावची कचोरी आणायला सांगा!